आमच्या गल्लीचा सायफन

सोमवार, ५ मार्च १९७३. सकाळी सात.
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. खरं लिहायचं. कुणाला दाखवायची नाही. (पुढे कुणी छापायला मागितली तर बघू.)

आज टँकरचा दिवस. सोमवारी आणि गुरुवारी येतो. नळ दिवाळीपासून कोरडा आहे, त्यामुळे गल्लीतली सव्वीसच्या सव्वीस घरं एकदम टँकरवर धावतात. दाक्षायणी दोन घागरी भरून आली. घागर उतरवताना म्हणाली, "हापिसात रोज धरणं काढता की तुमी. त्यातली एक घागर घरी आणा."

बायको गमतीने बोलली. मी गमतीवर घेतलं नाही.

सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसच्या रजिस्टरात माझ्या नावापुढे 'ट्रेसर' असं लिहिलंय. रजिस्टर लिहिणाऱ्याला काय कळतंय. चौदा वर्षं इंजिनियर लोकांचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर मीच उतरवतोय. सही त्यांची, रेघ माझी. सही पुसली तरी धरण दिसतं. रेघ पुसली तर काय दिसेल?

संकल्प: गल्लीचा पाणीप्रश्न पाडव्यापर्यंत कायमचा सोडवणे. पाडवा ४ एप्रिलला. तीस दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. (हा वाक्प्रचार पुढे भाषणात वापरावा. सध्या गल्लीत कुणापुढे वापरू नये.)

मंगळवार, ६ मार्च.
विचार केला.

बुधवार, ७ मार्च.
विचार चालू. सुपारी जास्त खाल्ली.

शनिवार, १० मार्च. दुपारी.
सापडलं. सापडलं ते रॉकेलच्या दुकानात. दुकानदाराने पिंपात रबरी नळी घातली, दुसऱ्या टोकाला तोंड लावून एकदा ओढलं, आणि नळी खाली डब्यात सोडली. रॉकेल आपोआप पिंपाच्या काठावरून चढून डब्यात उतरायला लागलं. ना वीज, ना इंजिन. याला सायफन म्हणतात. हा मी नकाशात दहा वेळा काढलाय, पण माझ्याशी तो आजवर बोलला नव्हता.

मीही एकदा ओढून पाहिलं. थोडं रॉकेल पोटात गेलं. संशोधनात असं होतंच.

घरी प्रयोग. बादली फळीवर, घागर खाली. पाणी आलं. घागर भरली आणि वरून वाहिली, कारण मी निरीक्षण लिहीत होतो. दाक्षायणीचं ज्वारीचं पीठ भिजलं. पिण्याचं पाणी गेलं म्हणून ती जे बोलली ते तांत्रिक स्वरूपाचं नसल्यामुळे इथे लिहीत नाही.

रविवार, ११ मार्च.
गल्लीच्या मागे टेकाड आहे. टेकाडावर चनमल्लप्पांचा मळा, मळ्यात दगडी विहीर. या दुष्काळातही तळाला पाणी धरून आहे. विहीर वर, गल्ली खाली. म्हणजे पिंप वर, डबा खाली. इतकी सोपी गोष्ट सव्वीस घरांत एकालाही सुचू नये याचं वाईट वाटलं. बरंही वाटलं.

विहिरीवर बिरप्पा भेटला. सांगोल्याकडचा मेंढपाळ, चाऱ्यापायी इकडे आलेला. सहा मेंढरं राहिलीत. चनमल्लप्पांच्या झाडांना पाणी शेंदून घालतो, बदल्यात मेंढरं पितात. त्याला योजना समजावली. त्याने दोराकडे बघितलं, विहिरीत बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "पाणी तर लई खाली हाय की, साहेब."

त्याला सांगितलं की शास्त्रात डोळ्याने बघून चालत नाही. मोजावं लागतं.

शुक्रवार, १६ मार्च.
ऑफिसातलं लेव्हलचं यंत्र दोन तासांसाठी आणलं. साहेबांना विचारलं नाही. ते रजेवर होते, त्यांना त्रास कशाला?

मोजमाप: विहिरीचं तोंड गल्लीच्या जमिनीपेक्षा बरोबर अकरा फूट वर. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा अकरा. माझा हात आता बसलाय.

बिरप्पा पट्टी धरून उभा होता. म्हणाला, "पाणी कुटं हाय ते बी मोजायचं का? दोर सोडतो." मी म्हटलं राहू दे. पाणी विहिरीतच आहे, ते कुठे जाणार?

रविवार, १८ मार्च.
गल्लीची सभा. जलयोजना समिती स्थापन. मी अध्यक्ष, चिटणीस आणि तांत्रिक सल्लागार. इतर नावं सुचवली गेली नाहीत.

चनमल्लप्पा आले होते. मोठ्या मनाचा माणूस. त्यांचं इंजिन मागेच जळालं, तेव्हापासून त्याचे लोखंडी पाइप गोठ्यामागे पडलेत, ते घ्या म्हणाले. पाणी पण घ्या म्हणाले, फक्त झाडांपुरतं ठेवा.

विरोध एकाच बाजूने झाला. कडक भाकरी करून विकणारी नीलम्मा. तिचा आवाज टँकरच्या हॉर्नपेक्षा मोठा आहे. म्हणाली, "नळीतनं पाणी वर चढून मग खाली येणार, ते कशापायी? पाण्याला काय जत्रेला जायाचं हाय का?" सगळे हसले. मीही हसलो, थोडा कमी. मग फळ्यावर आकृती काढली. आकृती सुंदर आली. बाणाला छटासुद्धा दिली. नीलम्मा गप्प बसली. सुंदर आकृतीपुढे माणूस गप्प बसतो हा माझा चौदा वर्षांचा अनुभव.

शनिवार, २४ मार्च.
महिबूब मिस्त्रीला काम दिलं. नळाचं आणि गवंड्याचं, दोन्ही करतो. टाकी गल्लीच्या तोंडाशी, विटांची, आतून शहाबादी फरशी, दोन तोट्या. पाइप टाकीच्या तळापासून निघून टेकाडावर, विहिरीच्या काठावरून आत, थेट पाण्यात.

महिबूबने नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "साब, नीच्चे फूटव्हॉल्व्ह लगाव. पानी उल्टा नै जाता."

फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाइपच्या विहिरीतल्या टोकाला बसणारी, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. मी विचारलं, पाणी उलटं कशाला जाईल? तो म्हणाला, पानी का क्या भरोसा. असल्या अंधश्रद्धेवर योजना चालत नाहीत. फूटव्हॉल्व्ह रद्द. त्याच्याऐवजी दोन्ही टोकांना साधे व्हॉल्व्ह, हाताने उघडायचे.

बुधवार, ४ एप्रिल. पाडवा.
संकल्पाची तारीख थोडी पुढे. गुढी पूर्ण उभी, टाकी अर्धी उभी. दोन्हींना नमस्कार केला.

शुक्रवार, ६ एप्रिल.
आज ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्या घाम फुटला. एक गोष्ट विसरलो होतो. जादा पाण्याचं काय?

सायफन एकदा सुरू झाला की थांबत नाही. टाकी भरणार, वाहणार, गल्ली सखल आहे. आमच्या गल्लीत पूर येणार, आणि जबाबदार कोण? तांत्रिक सल्लागार. दुपारी साहेबांचा पूल बाजूला ठेवून ओव्हरफ्लोचं डिझाइन काढलं.

रविवार, ८ एप्रिल.
ओव्हरफ्लोसाठी गल्लीभर चर खणायला लावला. सगळे मनापासून खणत होते. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायकासुद्धा. अंग दुखत असेल, पण कुणी बोललं नाही. पाणी येणार म्हटल्यावर माणसाला चढतं काहीतरी. मलाही चढलंय. जिन्यावरून उतरताना शिट्टी वाजवतो. आधी वाजवत नव्हतो.

खालच्या अंगाच्या चार घरांना उंबऱ्यावर विटांचा थर चढवायला सांगितला. त्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पूर किती दिवस राहील? म्हटलं, सांगता येत नाही.

गुरुवार, १२ एप्रिल.
महत्त्वाचा दिवस. पाणी खात्याच्या ओव्हरसियरना पत्र लिहिलं. बोरूने, उत्तम अक्षरात. मजकूर: 'आमची गल्ली पाण्याबाबत स्वयंपूर्ण होत असल्याने सोमवार दि. २३ एप्रिलपासून आमचा टँकर बंद करून अधिक गरजू वस्तीस द्यावा.' खाली सही, आणि सहीखाली 'इंजिनियर, जलयोजना'. हे शब्द लिहिण्याआधी बोरू तीनदा खाली ठेवला. अक्षरावर परिणाम नाही.

गल्लीत अजून सांगितलेलं नाही. पाणी आल्यावर सांगणार. आनंदात आनंद.

सोमवार, १६ एप्रिल.
ओव्हरसियरचं उत्तर आलं. 'आपल्या गल्लीचा आदर्श इतरांनी घ्यावा.' पाकीट ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं ते बरं झालं. चार वेळा वाचलं. ट्रेसिंग क्लॉथमध्ये गुंडाळून ठेवलंय.

गुरुवार, १९ एप्रिल.
शेवटचा टँकर. बायका नेहमीसारख्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी लांबून बघत होतो. मनात म्हटलं, भांडा, आज शेवटचं भांडा.

आता सायफन सुरू करायला पाइप पाण्याने पूर्ण भरावा लागतो, आणि टाकीतलं टोक पाण्यात बुडालेलं असावं लागतं. रॉकेलवाल्याची नळी दोन हातांची. आमचा पाइप तीनशे फुटी, तो तोंडाने कोण ओढणार? तेव्हा प्रत्येक घराने रविवारी तीन घागरी द्यायच्या असं ठरवलं. कुरकुर झाली. मी समजावलं, पैशाला पैसा ओढतो तसं पाण्याला पाणी ओढतं. दाक्षायणी म्हणाली, "द्या की. सोमवारी टँकर हायच."

मी घागरींची यादी करायला घेतली. आनंदात आनंद.

रविवार, २२ एप्रिल. सकाळी सहा.
आज. झोप नाही. धुतलेली टोपी. भाषण पाठ, पाच मिनिटांचं. टाळ्यांसाठी जागा सोडल्यास सात.

नीलम्माने तीनऐवजी सहा घागरी आणल्या. उद्याच्या भाकरीचं पीठ मळायचं पाणी. म्हणाली, "येवढं केलंय तर नीट करा." मला वाटतं ती आता आपल्या बाजूची झाली.

त्याच दिवशी. दुपारी बारा.
सविस्तर लिहितो. शांतपणे.

साडेआठला नारळ फोडला. चनमल्लप्पा चार शब्द बोलून विहिरीवर गेले. बिरप्पा विहिरीत उतरून खालच्या व्हॉल्व्हपाशी. महिबूब वर विहिरीच्या काठावर, नरसाळ्याने पाइप भरत होता. बारा घागरींत पाइप भरला. तोंड बंद केलं. उरलेलं सगळं पाणी टाकीत, दीड फूट. दुष्काळात दीड फूट पाणी एका जागी. पोरं नुसती बघत उभी होती.

मी टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि शिट्टी दिली. बिरप्पाने खालचा उघडला.

टाकीतलं पाणी हललं. खरंच हललं. मधे भोवरा पडला. मी म्हणालो, "बघा, ओढ लागली." टाळ्या झाल्या. त्यानंतर पाणी बोटभर खाली गेलं. मी सांगितलं, उडी मारणारा माणूस आधी दोन पावलं मागे जातो. पाणी वीतभर खाली गेलं.

तेवढ्यात विहिरीतून बिरप्पाची हाक आली. "साहेब, आलं की पाणी. लई जोरात येतंय."

गल्ली नाचायला लागली. मीही दोन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीत असताना लक्षात आलं की बिरप्पा तिकडच्या टोकाला आहे.

वरून महिबूब ओरडत होता, "साब, बंद करो." मी केलं नाही. माझ्या हातात घड्याळ होतं. प्रयोग मधेच थांबवला तर निष्कर्ष चुकतो. आणि खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, मला अजून वाटत होतं की ते वळेल.

आठ मिनिटांत टाकी रिकामी. तळाची फरशी ओली, तीही उन्हाने दहा मिनिटांत कोरडी.

चनमल्लप्पा टेकाडावरून धापा टाकत आले. त्यांना इकडचं काही माहीत नव्हतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तिप्पण्णा, विहीर वीतभर चढली बघा. असं काम आमच्याच्यानं झालं नसतं."

नीलम्मा टाकीच्या काठावर बसली. "नीर यल्लि," असं कानडीत दोनदा म्हणाली. पाणी कुठाय. मोठ्याने नाही. भांडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
तांत्रिक अहवाल: सायफन शंभर टक्के यशस्वी. एकही सांधा गळला नाही. प्रश्न फक्त दिशेचा.

दाक्षायणी सगळ्यांना सांगत फिरत होती, एका दिवसाचा तर प्रश्न, उद्या टँकर हाय. प्रत्येक दारात सांगत होती. मी खाटेवर पडून ऐकलं, सव्वीस दारं.

सोमवार, २३ एप्रिल. सकाळी साडेदहा, ऑफिस.
सातलाच ऑफिसात आलो. शिपाई दचकला. निघताना गल्लीच्या तोंडाशी घागरींची रांग लागली होती. नीलम्मा पहिली.

ओव्हरसियरना दुसरं पत्र लिहायला घेतलं. चार मसुदे झाले. पहिल्यात खरं कारण होतं, म्हणून फाडला. दुसऱ्यात 'तांत्रिक अडचण'. तिसऱ्यात 'कृपया' सहा वेळा आलं. चौथा चांगला आहे. उद्या पाठवीन. घाईत पाठवलेल्या पत्राचा काय परिणाम होतो ते आपण बघतोय.

त्याच दिवशी. दुपारी.
साहेबांना प्रश्न विचारला, मित्राच्या गावचा म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, लेव्हल कुठे घेतली? म्हटलं, विहिरीच्या तोंडाशी. ते म्हणाले, "तोंडाला काय करायचंय? पाणी किती खोल?" म्हटलं, मित्र म्हणतो, दोर अठ्ठावीस फूट जातो. (काल बिरप्पाला विचारलं होतं.) त्यांनी कागदावर दोन रेघा मारल्या. गल्ली तोंडापासून अकरा फूट खाली, पाणी अठ्ठावीस. म्हणजे पाणी गल्लीच्याही सतरा फूट खाली. "तुमच्या मित्राने गल्लीतून विहीर भरायची उत्तम योजना केलीय," म्हणाले, आणि हसत हसत चहा सांगितला. मलाही पाजला.

त्यांच्या रेघा वाकड्या होत्या. पण बरोबर होत्या.

त्याच दिवशी. संध्याकाळी सहा.
टँकर आला नाही. दहापर्यंत वाट बघून बायका टेकाडावर गेल्या. चनमल्लप्पांनी अडवलं नाही. म्हणाले, तुमचंच हाय की ते. बिरप्पाने मेंढरं बाजूला बांधली आणि दिवसभर दोर ओढला. दर घराला एक घागर मिळाली. दाक्षायणीच्या तळहातांची सालं गेलीत. ती विचारत होती, टँकर का आला नसंल? मी म्हणालो, बिघडला असेल.

हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मंगळवार, २४ एप्रिल.
मी पत्र पाठवायच्या आत दाक्षायणी आणि नीलम्मा पाणी खात्यात गेल्या. चालत, उन्हात.

दाक्षायणीने आल्यावर चुलीपुढे बसून सांगितलं. ओव्हरसियरने माझं पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने सगळं वाचलं, सहीपर्यंत. अक्षर ओळखलं. नीलम्माला वाचता येत नाही, तिने विचारलं काय लिवलंय. दाक्षायणी ओव्हरसियरला म्हणाली, "या नावाचा कुणी इंजिनियर आमच्या गल्लीत ऱ्हात न्हाई."

ओव्हरसियर म्हणाले, मग कुणी वात्रटपणा केला? सापडला तर कळवा. गुरुवारपासून टँकर पुन्हा येईल.

मी तिला काहीतरी सांगणार होतो. शब्द जुळवत होतो. ती म्हणाली, "जेवा आधी."

भाकरी कडक होती. पाण्याशिवाय खाल्ली. मागायचा धीर झाला नाही.

बुधवार, २५ एप्रिल.
समिती बरखास्त. कुणी उपस्थित नव्हतं.

गुरुवार, २६ एप्रिल.
टँकर आला. ड्रायव्हरने टाकी बघितली आणि टँकरची नळी सरळ टाकीत सोडली. दहा मिनिटांत टँकर रिकामा, टाकी भरलेली. मग दोन तोट्यांवर दोन रांगा. भांडण नाही, धक्काबुक्की नाही, सांडणं नाही. नीलम्माने पहिली घागर भरली, दुसरी भरली, आणि मागे वळून म्हणाली, हे बरं झालं बघा.

माझ्या छातीत काहीतरी वर चढायला लागलं.

ओव्हरसियर स्वतः आले होते. टाकीभोवती फिरले, फरशीवर हात फिरवला, तोट्या बघितल्या. म्हणाले, साऱ्या शहरात टँकरवर मारामाऱ्या चालल्यात, अशी टाकी सगळीकडे पाहिजे. कुणाची ही कल्पना?

मी रांगेत एकोणिसावा होतो. दोन्ही हातांत घागरी. नीलम्मा वळली, तिचा हात माझ्या दिशेने निम्मा उठला. माझं नाव तिच्या तोंडातून निघालं असतं तर ओव्हरसियरना सहीची आठवण झाली असती. तेवढ्यात दाक्षायणी पुढून म्हणाली, "महिबूब मिस्त्री."

नीलम्माने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. हात खाली घेतला. म्हणाली, "व्हय, महिबूब मिस्त्री."

महिबूब तोटी आवळत बसला होता. तो काही बोलायला उठला, पण ओव्हरसियरनी त्याचा हात धरून जोरात हलवला. असा एक माणूस प्रत्येक गल्लीत पाहिजे, म्हणाले, आणि सहज रांगेकडे बघून विचारलं, काय हो, बरोबर ना?

मी त्यांच्या अगदी समोर होतो.

पाहिजे, असं मी म्हणालो.